हरवलेलं डोरलं, बैलाचं पोट आणि १८८१ ची एक गोळी

लांब पोस्ट आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. आमच्या वरवे बुद्रुकला भाताची झोडणी जोरात चालू होती. शेजारच्या मावशींच्या खळ्यावर चार बायका मजुरीला. तीन गावातल्या, एक कातकरी वस्तीवरची पोरगी, विशीतली. दिवसभर पेंढ्या आपटल्या, वारवलं, संध्याकाळी पोती भरली. रात्री जेवताना मावशींचा हात गळ्याकडे गेला आणि गळ्यात डोरलं नाही. दोन वाट्या, काळे मणी. सासूबाईंनी लग्नात घातलेलं.

घर शोधलं, बाथरूम शोधलं, पोती उपसली. सकाळी खळं झाडून काढलं. आणि दहा वाजेपर्यंत संशय कुणावर जायचा तिच्यावर जाऊन बसला. चौघींपैकी कुणावर, हे मी सांगायची गरज आहे का?

कुणी तिला थेट काही बोललं नाही. फक्त इतर तिघींची चार दिवसांची मजुरी दिली आणि तिची "बघू नंतर" म्हणून ठेवली. एक आजोबा म्हणले, मंतरलेले तांदूळ चावायला द्या, चोराचं तोंड कोरडं पडतं. मावशींचा मुलगा माझ्याकडे आला. "दादा, पोलीस स्टेशनला तुमची ओळख आहे ना? एक फोन टाका. आणि पेपरात पण द्या बारीकशी." मी फोन हातात घेतलाही होता. मग खाली ठेवला. का ठेवला ते पुढे सांगतो.

त्याऐवजी मी नसरापूरच्या बाजूच्या एका पोराला बोलावलं. त्याच्याकडे मेटल डिटेक्टर आहे. ऑनलाइन मागवलेला. कशासाठी मागवला होता, तेही पुढे येईल.

हे मशीन दागिना शोधायला वापरायची कल्पना मला कुठून सुचली? तर बातम्यांतून. आपल्या महाराष्ट्रातल्याच दोन बातम्या आहेत, दोन्ही वाचताना लोक हसले होते.

पहिली २०१९ ची, नगर जिल्ह्यातल्या रायते वाघापूरची. बैलपोळ्याचा दिवस. बैलाला ओवाळताना घरातला दागिना त्याच्या कपाळाला लावायची तिकडे रीत आहे. ताटात पुरणपोळी, ताटातच सोन्याचं मंगळसूत्र. नेमकी लाइट गेली. घरधनीण मेणबत्ती आणायला आत गेली, बाहेर येते तर ताट साफ. पोळीबरोबर मंगळसूत्रही बैलाच्या पोटात. नवऱ्यानं तोंडात हात घालून बघितला. मग गावानं सल्ला दिला, थांबा, शेणातून येईल. आठवडाभर ते कुटुंब रोज शेण चिवडत होतं. काही आलं नाही. शेवटी पशुवैद्यकाकडे नेलं, त्यांनी अंगावरून डिटेक्टर फिरवला आणि सांगितलं, आहे, पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकलंय. ऑपरेशन केलं, दीड लाखाच्या आसपासचं मंगळसूत्र बाहेर आलं.

दुसरी २०२३ ची, वाशिम जिल्ह्यातल्या सारसीची. तिथे म्हैस. बाईंनी अंघोळीला जाताना मंगळसूत्र काढून ताटात ठेवलं, त्याच ताटात सोयाबीन आणि शेंगांची टरफलं होती. ताट म्हशीपुढे गेलं. नंतर गळा मोकळा दिसला तेव्हा शोधाशोध झाली, मग ताट आठवलं. इथेही डॉक्टरांनी आधी डिटेक्टर लावून जागा नक्की केली, मग पोट फाडलं. दोन तासांचं ऑपरेशन, ६०-६५ टाके.

पशुवैद्यकाकडे डिटेक्टर कशाला असतो, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. कारण साधं आहे. गाय, बैल, म्हैस चारा चावून खात नाहीत, आधी गिळतात आणि मग सावकाश रवंथ करतात. चाऱ्यातून खिळा, तारेचा तुकडा, सुई असलं काही आत गेलं की ते जड म्हणून पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात बसतं. हा कप्पा आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीचा. त्याच्या पुढे थोड्याच अंतरावर काळीज. तार पडद्यातून पुढे सरकली तर जनावर जातं. म्हणून डॉक्टर डिटेक्टर लावून बघतात, आणि काही ठिकाणी जनावराला मुद्दाम एक गुळगुळीत लोहचुंबक गिळायला लावतात, म्हणजे लोखंडाचे तुकडे त्याला चिकटून एका जागी राहतात. सोनं मात्र चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे मंगळसूत्र गिळलेल्या बैलाला सुरीशिवाय इलाज नाही.

आता गंमत बघा. हे यंत्र ज्या कामासाठी जगात गाजलं, ते काम हेच होतं. जिवंत शरीरात अडकलेला धातू शोधणं.

२ जुलै १८८१. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर उभे होते, गितो नावाच्या माणसानं त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक हाताला चाटून गेली, दुसरी पाठीतून आत राहिली. एक्स-रे अजून लागायचा होता, तो १८९५ चा. डॉक्टर न धुतलेली बोटं आणि सळया जखमेत घालून गोळी चाचपत होते. तेव्हा टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढे आला. त्यानं तारेची वेटोळी आणि टेलिफोनचा रिसीव्हर जोडून एक यंत्र तयार केलं. धातूजवळ नेलं की रिसीव्हरमध्ये आवाज. यादवी युद्धातल्या जुन्या सैनिकांच्या अंगात गोळ्या राहिल्या होत्या, त्यांच्यावर त्यानं ते तपासून पाहिलं. चाललं.

मग जुलैच्या शेवटी आणि परत १ ऑगस्टला त्यानं ते राष्ट्राध्यक्षांवर फिरवलं. आणि तिथे गडबड. एका ठिकाणी नीट आवाज येईना, सगळीकडेच गुणगुण. पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. त्या काळात अशा गाद्या फार थोड्या घरांत, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि दुसरं म्हणजे मुख्य डॉक्टर ब्लिस यांचं मत पक्कं झालं होतं की गोळी उजव्या बाजूला आहे. त्यांनी बेलला उजवीच बाजू तपासू दिली. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले, जखमेत पू होऊन. शवविच्छेदनात गोळी सापडली डाव्या बाजूला.

म्हणजे यंत्र बरोबर होतं, पण कुठे फिरवायचं हे आधीच ठरवून बसलेल्या माणसाच्या हातात होतं. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला डॉक्टर ब्लिस ओळखीचे वाटले. असे ब्लिस प्रत्येक गावात असतात. मी स्वतः एकदा होतो.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. गेरहार्ड फिशर या इंजिनिअरला विमानांसाठी दिशा दाखवणारं रेडिओ यंत्र बनवताना लक्षात आलं की जमिनीत धातूचं खनिज असलं की त्याचं यंत्र चुकतं. त्यानं ती चूकच कामाला लावली आणि हातात धरून फिरवायच्या डिटेक्टरचं पेटंट १९३७ मध्ये मिळवलं. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्यानं ब्रिटनमध्ये बसून सुरुंग शोधणारं मशीन बनवलं, आणि १९४२ च्या अल अलामीनच्या लढाईत ते सैन्याच्या हातात होतं. त्याच्या आधीचं काम कसं चालायचं ते पाहायचं असेल तर आपल्या खडकीकडे बघा. १९४१ च्या सुरुवातीला अ‍ॅबिसिनियाच्या आघाडीवर प्रेमिंद्रसिंग भगत हे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकडीबरोबर होते. चार दिवसांत ५५ मैल रस्ता आणि १५ ठिकाणचे सुरुंग त्यांनी मोकळे केले. गाडी खालून उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी चालूच. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच बॉम्बे सॅपर्सचे कारवारकडचे रामा राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला, परमवीर चक्र. नंतरची वर्षं ते पुण्यात होते. आपल्या जिल्ह्यात किती जणांना माहीत आहे?

असो. डोरल्याकडे येतो.

पोरगा मशीन घेऊन आला. मला वाटलं होतं पंधरा मिनिटांचं काम. दोन संध्याकाळी गेल्या.

मशीन कसं चालतं ते त्यानं मला समजावलं, मी माझ्या भाषेत सांगतो. खालच्या गोल तबकडीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सारखी दिशा बदलणारी वीज सोडतात. जवळ धातू आला की त्या धातूतही बारीक प्रवाह फिरायला लागतात, आणि ते मशीनला ऐकू येतात. धातू कुठलाही असो, वीज वाहून नेणारा पाहिजे. सोन्याला चुंबक धरत नाही, पण मशीन धरतं.

पण अडचणी किती! आपल्याकडचा काळा दगड. सह्याद्रीचा सगळा कातळ ज्वालामुखीचा, त्यात लोखंडाचे चुंबकीय कण. तबकडी जमिनीला टेकवली की मशीन आपलं उगाच कुरकुरतं. पोरगा तबकडी वर-खाली करून त्याला जमिनीशी जुळवून घेत होता. दुसरी अडचण, खळं म्हणजे काय फक्त माती नसते. खिळे, काटेरी तारेचे तुकडे, बाटल्यांची बुचं, चुन्याच्या डब्या, बैलगाडीच्या जमान्यातली धाव. लोखंडाचा आवाज वेगळा येतो, तो सोडता येतो. पण गुटख्याच्या पुड्यांची चांदी, गोळ्यांच्या पाकिटाचा पत्रा आणि बारीक सोनं यांचा आवाज जवळपास एकच. एकही आवाज सोडून चालत नाही. प्रत्येक ठिकाणी बसायचं, खुरप्यानं उकरायचं, पुडी निघाली की शिवी हासडून उठायचं. पहिल्या संध्याकाळी ४०-५० पुड्या निघाल्या असतील. गावात दारूबंदीवर भाषणं झाली, गुटख्यावर एकदा व्हायला हवं.

तिसरी अडचण मला नवी होती. अंगठी मशीनला चटकन सापडते, कारण ती बंद कडं आहे, प्रवाह गोल फिरतो. बारीक साखळी मात्र जवळजवळ दिसतच नाही. प्रत्येक कडी सुटी, प्रत्येक कडीत जेमतेम धातू. मणी तर काचेचे. "काका, वाट्या आहेत म्हणून आशा आहे," पोरगा म्हणाला, "नुसती चेन असती तर मी आलोच नसतो."

सगळा वेळ बांधावर एक बाई उभी होती. त्या पोरीची आई. ती काही बोलली नाही, कुणी तिला बसायला सांगितलं नाही. अंधार पडेपर्यंत उभी राहायची आणि मग जायची.

या तांदूळ चावण्याबद्दल थोडं बोलतो, कारण त्या आजोबांना हसणं सोपं आहे. ही त्यांची कल्पना नव्हे. धर्मशास्त्रात 'दिव्य' म्हणून जे प्रकार सांगितले आहेत त्यात तंडुल-दिव्य खास चोरीच्या संशयासाठी. तांदूळ चावून थुंकायचे, रक्त दिसलं की दोषी. महामहोपाध्याय काणे यांच्या ग्रंथात ते सगळं सविस्तर आहे. मराठेशाहीतसुद्धा वतनाच्या भांडणात साक्षी-पुरावा संपला की दिव्याची पाळी यायची. रवा-दिव्य म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं बाहेर काढायचा. हात पिशवीत घालून मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी सभेसमोर उघडून बघायचं. फोड आले तर खोटा. त्याची कागदपत्रं आहेत, अभ्यासकांनी छापली आहेत.

त्यात पुरावा शोधायचा नसायचा, माणूस तपासायचा असायचा. वस्तू कुठे आहे हा प्रश्नच नाही. भगताकडे, देवऋष्याकडे गेलं तरी तेच होतं, तो दागिन्याची जागा कधीच सांगत नाही, "घरात येणारी-जाणारी बाई" सांगतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं अशा बऱ्याच प्रकारांना आळा घातला, मौल्यवान वस्तू किंवा गुप्तधन शोधायच्या नावाखाली केलेले अघोरी प्रकार त्यात थेट गुन्हा आहेत. पण तांदळाची वाटी कुणाच्या घरात पुढे आली, हे कायद्याला कोण कळवणार?

आता माझं. वीस वर्षं होत आली. मी डिप्लोमा करून नुकताच बातम्या पाठवायला लागलो होतो. तालुक्याच्या गावातल्या एका घरात पाटल्या हरवल्या. मी चार ओळी पाठवल्या, "घरकाम करणाऱ्या महिलेवर संशय". नाव लिहिलं नव्हतं, म्हणून मला वाटलं मी जबाबदारीनं वागलो. त्या आळीत घरकाम करणारी बाई एकच होती. तिची सगळी घरं सुटली. दोन-तीन आठवड्यांनी पाटल्या सापडल्या, जुन्या वाकळेच्या घडीत, घरातल्याच आजींनी ठेवलेल्या. मी तीही बातमी पाठवली. ती छापून आली नाही, हरवलेलं सापडलं ही बातमी होत नाही म्हणे. मी परत विचारलं नाही. ती बाई नंतर लेकीकडे राहायला गेली असं ऐकलं. मी कधी तिच्या दारात गेलो नाही.

म्हणून त्या दिवशी फोन खाली ठेवला. एवढंच.

आता पोराच्या मशीनबद्दल, कारण हेही गावात बोलायला पाहिजे. त्यानं ते घेतलं होतं तोरण्यासाठी. आपल्याकडे लहानपणापासून ऐकतो की तोरण्याची डागडुजी करताना महाराजांना धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला. मग पोरांना वाटतं, अजून काही राहिलं असेल. २०२५ च्या मार्चमध्ये 'छावा' सिनेमा पाहून बऱ्हाणपूरच्या असीरगडाजवळ काय झालं ते आठवा. रस्त्याच्या कामाची माती शेतांत टाकलेली, त्यात सोन्याची नाणी आहेत अशी अफवा, आणि रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन माणसांची जत्रा.

पोराला मी तेव्हाच सांगितलं होतं, आता इथेही लिहितो. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खुरपंसुद्धा लावता येत नाही, गुन्हा आहे. राजगड तर जुलै २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. रायगडावर २०२१ मध्ये सोन्याची बांगडी सापडली ती पुरातत्त्वाच्या रीतसर उत्खननात, कुठल्या थरात, कशाशेजारी, हे सगळं नोंदवून. तीच रात्री उपटून नेली असती तर ती नुसतं चार तोळ्यांचं काहीतरी झाली असती, तिचा इतिहास गेला असता. आणि किल्ल्यावर नाही, स्वतःच्या शेतात पुरलेलं सापडलं तरी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. दहा रुपये हा आकडा अजून तसाच आहे, हसू नका. पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीत बांधकामावर जुनी सोन्याची नाणी सापडली होती, ती ज्यांनी घरात ठेवली त्यांच्याकडून पोलिसांनी काढून नेली.

हरवलेला दागिना मात्र निधी नव्हे. त्याला मालक आहे. सापडणाऱ्यानं तो परत द्यायला म्हणून उचलला तर गुन्हा नाही, मालक माहीत असून खिशात घातला तर आहे. पोराला हा फरक पटला असावा, कारण त्यानं मावशींकडून पेट्रोलचेसुद्धा पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेसहाच्या सुमारास, अंधारून आलेलं. खळं संपलं होतं, पेंढ्याची गंज चाळून झाली होती. पोरगा म्हणाला आता बास. मीच म्हणलं, वारवलं कुठे होतं? वारा पश्चिमेचा होता, फोलपट बांधाकडे उडालं होतं. तिकडे कुणी बघितलंच नव्हतं, कारण मजूर बायका त्या बाजूला गेल्याच नव्हत्या. वारवायला सूप घेऊन स्वतः मावशी उभ्या होत्या.

त्या फोलपटाच्या ढिगात तिसऱ्या फेरीला आवाज आला. गुटख्यासारखाच. पोरानं हात घातला आणि काळे मणी वर आले. दोरा तुटलेला, दोन्ही वाट्या जागेवर. सुपाच्या काठात अडकून तुटलं असणार.

मावशी रडल्या. त्यांच्या मुलानं माझ्याकडे बघितलं नाही. आम्ही सगळे डोरल्याभोवती गोळा झालो, मोबाईलच्या उजेडात फोटो काढले. मग कुणाला तरी बांधावरची बाई आठवली. मावशी स्वतः पायलीभर इंद्रायणी तांदूळ घेऊन तिच्याकडे गेल्या. म्हणल्या, घे गं, पोरांना कर.

बाईनं तांदूळ घेतले नाहीत. म्हणली, पोरीची चार दिवसांची मजुरी राहिलीय, ती द्या.

मजुरी तिथेच दिली. तिनं मोजून घेतली आणि गेली.